सुगम्य वेबरचना

दृष्टी, श्रवण, हातांची हालचाल किंवा आकलन यांत अडचण असलेल्या व्यक्तीलाही कुणाच्या मदतीवाचून वापरता येईल अशी संकेतस्थळाची रचना. अशी साइट दिसायला रुक्षच असणार, हा समज अजून घट्ट आहे, पण त्याला आधार नाही. पानाचा आशय आणि सांगाडा एचटीएमएल या कोडमध्ये असतो, रंग-मांडणीचे रूप सीएसएस या वेगळ्या कोडमध्ये. २००३ मध्ये डेव्ह शे यांनी सुरू केलेल्या ‘सीएसएस झेन गार्डन’ने हे लख्ख दाखवून दिले. एचटीएमएल एकच, आणि निव्वळ सीएसएस बदलून अनेक डिझायनरांनी त्याला एकाहून एक वेगळी रूपे दिली.

स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, एचटीएमएलचा हा सांगाडाच वाचते. ‘एनव्हीडीए’ या मोफत स्क्रीन रीडरमध्ये एच ही कळ दाबत अंध वापरकर्ता एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जातो. शीर्षके नुसती ठळक आणि मोठी केली, ‘हे शीर्षक आहे’ असे सांगणारे एचटीएमएलचे टॅग दिलेच नाहीत, तर त्याला हवा तो भाग सापडेपर्यंत पान ऐकत बसावे लागते.

वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये प्रथम जाहीर केली, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ची. त्यांतल्या तीन पातळ्यांपैकी मधल्या, एए पातळीला साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ लागतो. पांढऱ्यावर काळा २१ : १ भरतो. डिझायनरांचा लाडका करडा, रंगसंकेत #९९९९९९, पांढऱ्यावर जेमतेम २.८५ : १, तोच #७६७६७६ इतका गडद केला की ४.५४ : १ होतो. पानाचा सौम्यपणा टिकतो आणि उन्हात मोबाइल धरणाऱ्यालाही अक्षर दिसते. कीबोर्डने फिरताना बटणाभोवती उमटणारी चौकट ‘विद्रूप दिसते’ म्हणून सर्रास काढून टाकतात. माउस न वापरणाऱ्याला आपण पानावर कुठे आहोत हे त्या चौकटीवरूनच कळते. ती साइटच्याच रंगात, ठसठशीत काढावी, शोभाही वाढते.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील हक्काचा भाग मानला. ई-केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्यासाठी, पापण्या मिचकावण्याची अट ॲसिड हल्ल्यातील पीडितांना आणि अंधांना पुरी करता येत नव्हती, हा त्या खटल्यातील एक मुद्दा होता.

इंग्रजीसाठी केलेली मांडणी देवनागरीवर जशीच्या तशी बसत नाही. अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटू शकते. ओळींतले अंतर कमी ठेवले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. कोडमध्ये पानाची भाषा मराठी अशी नोंदवली नसेल, तर स्क्रीन रीडर दुसऱ्याच भाषेच्या आवाजात वाचू लागू शकतो. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतप्रणाली रुळण्यापूर्वीच्या, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतो, कानाला मात्र अर्थहीन रोमन अक्षरे ऐकू येतात. स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफमध्ये नुसते चित्र असते, स्क्रीन रीडरला वाचायला मजकूरच नसतो, आणि अर्ज, परिपत्रके व निकाल अजूनही अनेकदा त्याच रूपात चढवले जातात.