लॅपटॉप मिटल्यावरचा ताण

शनिवार-रविवार भरपूर झोप काढूनही सोमवारी सकाळी घणसोलीला उतरताना अंगात त्राण नसतं, अशी तक्रार नवी मुंबईत नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांकडून ऐकू येते. तिचं कारण शोधताना आपण कामाचे तास मोजतो. काम संपल्यानंतरचे तासही तितकेच तपासायला हवेत.

साहेबांचा तिखट मेल वाचला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. रक्तातली साखर वाढते, शरीर धावपळीला सज्ज होतं. इथवर सगळं ठीक. पुरेसं कॉर्टिसॉल मेंदूपर्यंत पोचलं की मेंदूच ते थांबवायला सांगतो. एरवीही ते उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वाधिक असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. अडचण अशी, की समोर आलेला मेल आणि मनात घोळत राहिलेला मेल, दोन्हींनी हीच यंत्रणा चाळवते.

संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याला निघालेल्या लोकलचा डबा पाहा. सॅक पुढे छातीशी, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन आणि अंगठा ऑफिसच्या ग्रुपवर. ‘उद्या सकाळी बोलू’ एवढाच मेसेज असतो. तो जेवताना डोक्यात असतो, अंथरुणावरही. अशा न संपणाऱ्या ताणाने शरीराची जी झीज होते, तिला ब्रूस मॅकईवन आणि एलियट स्टेलर या संशोधकांनी १९९३ मध्ये ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. गळून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना, या तिच्या खुणा. ‘कामाशी निगडित’ हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चौघांचं काम दोघांवर टाकायचं आणि वर त्यांनाच प्राणायाम करायला सांगायचं, हा अन्याय आहे. याच संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो.

तरी संध्याकाळ थोडीफार आपल्या हातात असते. लांब रजेचा ताजेपणा काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून रोजची छोटी सुटका जास्त कामाची. जेवणानंतर फोन घरी ठेवून तलावपाळीला एक फेरी मारा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या: उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाचे ठोके मंदावतात.

एवढं करूनही थकवा आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. ॲनिमिया, थायरॉइड आणि नैराश्य यांतही माणूस असाच गळून जातो, आणि त्यांवर वेगळे उपचार लागतात. मन फारच खचलं असेल तर सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं.