घराचा कारभार घरातच

खानापूर तालुक्यात पाऊस धरला की विजेचा आणि इंटरनेटचा लपंडाव सुरू होतो. अशा दिवसांत ‘स्मार्ट’ दिवे बसवलेल्या घरात एक विचित्र प्रकार घडतो : वीज असते, वायफाय चालू असते, दिवाही शाबूत असतो, तरीही मोबाइलवरून तो लागत नाही. याचे कारण असे, की बाजारातल्या अनेक दिव्यांना सोप्यातून दिलेली आज्ञा थेट माजघरात पोहोचत नाही. ती आधी कंपनीच्या दूरवरच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथून परत घरी येते. घरातली माणसे कधी उठतात, कधी झोपतात, गणपतीत किती दिवस घर बंद होते, याचीही नोंद त्या वाटेवर साठू शकते.

यावर उपाय म्हणजे आज्ञा देणारा संगणक घरातच ठेवणे. पाउलस स्काउट्सेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ‘होम असिस्टंट’ ही मुक्त आज्ञावली रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर चालते. तो सरासरी ५ वॅट वीज घेतो असे धरले, तर महिन्याचा खर्च ३.६ युनिट होतो. आपल्या भागात मात्र मला जुना लॅपटॉप अधिक सोयीचा वाटतो. तो थोडी जास्त वीज खातो, पण त्याची बॅटरी धड असेल तर वीज जाताच तो बंद पडत नाही.

दिवे, बटणे आणि तापमापक या संगणकाशी जोडण्यासाठी ‘झिग्बी’ हे बिनतारी तंत्र वापरता येते. वायफायप्रमाणे तेही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते, त्यामुळे दोघांची टक्कर होऊ शकते. वायफाय ११ क्रमांकाच्या वाहिनीवर किंवा त्याखाली असेल, तर झिग्बीची २५ क्रमांकाची वाहिनी तिच्या पलीकडे पडते. झिग्बीच्या लहरी घेणारा-सोडणारा डोंगल संगणकाच्या यूएसबी ३ च्या खाचेत थेट खोचू नये; त्या खाचेचा गोंगाट याच पट्ट्यात येतो, म्हणून मध्ये हातभर वायर घालावी.

जुन्या कौलारू घरांच्या जाड मातीच्या भिंती या लहरी बऱ्याच शोषतात आणि ओल मुरली की आणखी शोषतात. झिग्बी ही अडचण जाळे विणून सोडवते : विजेवर चालणारी बहुतेक उपकरणे शेजाऱ्याचा निरोप पुढे पोहोचवतात, म्हणजे निरोप्याचे काम करतात. बॅटरीवरची उपकरणे मात्र हे काम करत नाहीत, आणि नेमकी इथेच मेख आहे. वीज गेली की इन्व्हर्टरवर नसलेले सगळे निरोपे एकदम गप्प होतात आणि परड्याच्या दाराचा संवेदक (सेन्सर), त्याची बॅटरी भरलेली असूनही, एकाकी पडतो. वीज आल्यावर काही उपकरणे आपणहून परत जोडलीही जात नाहीत. म्हणून प्रत्येक जाड भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक निरोप्या इन्व्हर्टरच्या लाइनवर असावा, याची आखणी खरेदीच्या आधी, वायरमनला सोबत घेऊन, घराच्या नकाशावर करावी.

परगावाहून घर पाहायचे असेल, तर ‘वायरगार्ड’सारख्या व्हीपीएन आज्ञावलीने मोबाइलपासून घरच्या संगणकापर्यंत काढलेली, मधल्या कुणाला वाचता न येणारी कूटबद्ध वाट पुरते.

सगळ्यांत उपयोगी, पण सगळ्यांत जपून करण्याचे काम म्हणजे टाकीची मोटार. टाकीच्या झाकणाला लावलेला संवेदक श्राव्यातीत ध्वनी सोडतो. पाणी एक मीटर खाली असेल तर प्रतिध्वनी सुमारे ५.८ मिलिसेकंदांत परततो आणि त्यावरून पातळी कळते. मोटारीचा भार छोट्या रिलेवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या स्विचवर, टाकू नये. रिलेने फक्त स्टार्टरमधला मोठा भार पेलणारा स्विच, म्हणजे काँटॅक्टर, चालवावा, आणि ती जोडणी वायरमननेच करावी. संवेदकावर बाष्प धरले किंवा निरोप तुटला, तर टाकी वाहत राहील. म्हणून दोन मिनिटे माप आले नाही तर मोटार बंद, हा नियम आधी लिहावा आणि टाकी भरल्यावर बंद करण्याचा त्यानंतर.