काळं पिठलं कुठून आलं

आमच्या घरी ‘तव्यातलं’ एवढंच नाव होतं त्याला. आजी चुलीवर भाकरी उरकायची आणि त्याच तव्यात ते करायची. तवा पाटावर ठेवून सगळे त्याच्याभोवती बसायचे. रंग काळपट, वास मातीचा, आणि तळाशी धरलेली खरवड. तिच्यावरून भांडणं ठरलेली. आजी गेली, आईनं वहीत लिहून ठेवलं: ‘पीठ १ वाटी, चटणी २ चमचे, लसूण बराच, तेल बेताचं, पाणी अंदाजे.’ एवढ्यावर मी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा चांगलं पिवळंधमक पिठलं झालं, कुठल्याही घरी होतं तसं.

वहीत चूक नव्हती. आजीच्या माण तालुक्यातल्या स्वयंपाकघरात ‘पीठ’, ‘चटणी’, ‘तेल’, ‘तवा’ या शब्दांचे जे अर्थ होते, ते आम्ही सांगलीत राहायला येईपर्यंत बदलून गेले होते.

सगळ्यात सोपा उलगडा चटणीचा. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ‘चटणी’ म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात ती नव्हे. ती वर्षाची कांदा-लसूण चटणी: उन्हाळ्यात वाळवलेल्या मिरच्या, धणे, तीळ, सुकं खोबरं, तेलात तांबूस परतलेला कांदा, लसूण, आलं, खडा मसाला आणि मीठ, सगळं डंकावर कुटून बरणीत दाबलेलं. एप्रिल-मेमध्ये डंकाबाहेर बायकांची रांग लागते आणि आख्खी गल्ली शिंकते. दुसरीकडे वाढलेली माझी वहिनी हा शब्द वाचून नुसतं लाल तिखट घालते. मी तसं केलं नव्हतं, पण माझी चटणी पाकिटातली होती, आणि तिच्यात कांद्याचा गोडवा नावालाच असतो. यातली मिरची मात्र मूळची इथली नाही. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. म्हणजे आपण ज्याला अस्सल गावरान म्हणतो त्या झणक्याचं वय जेमतेम पाचशे वर्षांचं.

पिठाचं कोडं सुटायला माझी थोरली आत्ती लागली. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, पण चवीचं सगळं लक्षात आहे. मी बेसनाचं नाव काढताच ती उसळली, “बेसन कुठलं गं त्या साली? हरभऱ्याला ओल न्हवती. हुलगं हुतं कनगीत, तेच दळलं.”

हुलगा. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तोच. ‘त्या साली’ म्हणजे १९७२. आमच्याकडे साल सांगावं लागत नाही, ‘दुष्काळात’ म्हटलं की तेच.

सातारा जिल्ह्याचा नकाशा पाहिला की यामागचं कारण दिसतं. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला उतरत म्हसवडला आलात की पाचशे मिलिमीटर म्हणजे चैन. माण, खटाव आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आटपाडी, कवठे महांकाळ, जत हे सगळे पर्जन्यछायेतले तालुके. हरभरा रब्बीचा, तो काळ्या रानातल्या ओलीवर येतो, आणि परतीचा पाऊस हुकला की पेराच होत नाही. हुलग्याचं तसं नाही. हलक्या माळरानावर, बाजरीच्या जोडीनं, चार सरींवर तो उभा राहतो. बैलांना भरडून घालायचा, माणसांनी माडगं, शेंगोळे करून खायचा. आणि हा पाहुणा नव्हे, दख्खनच्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननातही त्याचे दाणे मिळाले आहेत. मिरचीच्या आधी तो काही हजार वर्षं इथं आहे. तरी आमच्या घरात त्याचं नाव घ्यायला लाजायचे. ‘बैलाचं खाणं’ पाहुण्यांपुढे कसं मांडायचं? आईनं वहीत नुसतं ‘पीठ’ लिहिलं ते विसरून नव्हे, असं मला आता वाटतं.

दुष्काळात ज्वारीही नव्हती. सरकारनं अमेरिकेहून मिलो मागवली, लाल ज्वारी. भाकरी थापताना फाटायची आणि घशाखाली उतरायची नाही, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. कामावरच्या लोकांना सुकडी, म्हणजे पिठांचा कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. गावोगाव खडी फोडायची, रस्त्यांची, नालाबंडिंगची कामं निघाली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. हाताला काम देण्याचा विचार मात्र याच भागात आधी रुजला होता. तासगाव तालुक्यात विसापूरच्या वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तसा प्रयोग करून पाहिला होता. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

याचा पिठल्याशी संबंध आत्तीनं एका वाक्यात सांगितला. आजी-आजोबा गावापासून लांबच्या कामावर होते, पालात राहायचे, आणि बरोबर भांडी म्हणजे एक परात, एक तांब्या, एक तवा. भाकरी झाली की कालवणही त्यातच. आम्ही ज्याला चवीची खुबी समजत होतो ती खुबी नव्हतीच, दुसरं भांडंच नव्हतं. दुष्काळ सरला, घरात पातेली आली, तरी आजीनं ते तव्यातच करणं सोडलं नाही. का, ते तिला कुणी विचारलं नाही.

तवाही आताचा नव्हे. घिसाड्यांनी ठोकून केलेला, मध्ये खोल, जड लोखंडी. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत घेतलेला, असं आत्ती म्हणते. काळ्या रंगाचं गुपित इथंच होतं. हुलग्याच्या सालीत तुरट द्रव्यं असतात, लोखंडाशी गाठ पडली की ती काळी पडतात. शाई करण्याची जुनी रीत याच गुणावर चालायची. त्यातच आजी शेवटी चिंचेचा कोळ घालायची, आणि आंबटामुळे लोखंड आणखी उतरतं. मी नॉनस्टिकवर कितीही वेळा करून पाहिलं असतं तरी तो रंग आला नसता.

राहिलं तेल. माणमध्ये शाळूच्या रानात करडईच्या ओळी टाकायची पद्धत होती. काटेरी असल्यानं कडेनं लावली की गुरं आत शिरत नाहीत, आणि घाण्यावरून वर्षाचं तेल येतं. पुढे रेशनवर पामतेल आलं, दुकानात रिफाइंड आलं आणि गावातला घाणा बसला. वहीतलं ‘तेल बेताचं’ हे कच्च्या करडईच्या तेलाला उद्देशून होतं. ते वासाला उग्र, जास्त झालं तर तेच पुढे येतं.

दहिवडीच्या बाजारातून दोन किलो हुलगे आणले. खमंग भाजून, गार करून, गिरणीत जरा भरड दळून घेतले. गिरणीवाल्यानं आधी नाक मुरडलं, त्याला वाटलं जनावरांसाठी आहेत. आत्तीनं स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून हुकूम सोडले. तवा चांगला तापू दे. तेलात मोहरी, जिरं, सालीसकट ठेचलेला लसूण. मग उभा चिरलेला कांदा, तो तांबूस झाला की चटणी, आणि चटणी करपायच्या आत पाणी, वाटीभर पिठाला दोन-अडीच वाट्या. पाण्याला खळखळून उकळी आली की डाव्या हातानं पीठ वैरायचं, उजव्या हातानं हलवत राहायचं. गुठळ्या झाल्या तर होऊ देत, मोडत बसायचं नाही. चिंचेचा कोळ, झाकण, मंद आच, आणि मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. खरवड धरते ती तेव्हाच.

झाकण काढलं तेव्हा रंग जुळला होता. आत्तीनं भाकरीचा तुकडा बुडवला, चघळला, थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “मीठ घालायचं इसरलीस व्हय?”

चटणीत असतंच, म्हणून मी वेगळं घातलं नव्हतं. वहीतही लिहिलेलं नाही.