इंधनटाकी, नायट्रो मोटारीची (फेरफार)

रेडिओ-नियंत्रित छंद-मोटारींपैकी ज्यांना ग्लो प्लगवर, म्हणजे तापलेल्या तारेने इंधन पेटवणाऱ्या प्लगवर, चालणारे टू-स्ट्रोक इंजिन असते, त्यांच्या टाकीत गळती, फेस आणि इंधनपुरवठ्यातील खंड दूर करण्यासाठी केले जाणारे बदल. टाकी मोठी करणे हा येथे हेतू नसतो. १:८ प्रमाणाच्या (खऱ्या मोटारीच्या एक-अष्टमांश आकाराच्या) मोटारीला आंतरराष्ट्रीय शर्यतींत १२५ घन सेंमी.ची मर्यादा आहे आणि नळी व गाळणी यांतील इंधनही त्यातच मोजले जाते.

‘नायट्रो’ हे नाव काहीसे फसवे आहे. इंधनाचा मोठा भाग मिथेनॉलचा. नायट्रोमिथेन बहुधा १० ते ३० टक्के, आणि उरलेले वंगण, म्हणजे एरंडेल किंवा कृत्रिम तेल. प्लगची प्लॅटिनमयुक्त तार तापलेली राहते ती मिथेनॉलमुळेच. हा प्लग अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास बाजारात आणला असे सामान्यतः मानतात. तो मुळात विमान-प्रतिकृतींसाठी होता. टाकीच्या आत वजनदार टोक लावलेली लवचिक नळी सोडण्याची युक्तीही विमानांकडूनच मोटारीत आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. उलटे होणाऱ्या विमानाला तिची गरज अधिक होती. नायट्रोमिथेनचे काम वेगळे आहे. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला सुमारे ६.५, नायट्रोमिथेनला जेमतेम १.७. म्हणून या मोटारीची टाकी आकाराच्या मानाने झपाट्याने रिकामी होते, आणि पुरवठ्यातील बारीकसा दोषही लगेच इंजिनाच्या आवाजात उतरतो.

टाकीत पंप नसतो. एक्झॉस्टच्या नळकांड्यातून सिलिकोनची बारीक नळी टाकीच्या वरच्या भागात येते आणि तो दाब इंधनावर पडतो. हा दाब इंधन ढकलतो की पातळी उतरत गेली तरी पुरवठा सारखा ठेवतो, याविषयी छांदिष्टांत दोन मते आहेत. कार्ब्युरेटरची ओढही असतेच, तरी ही दाबाची नळी निसटताच मिश्रण पातळ होऊन (इंधन कमी, हवा जास्त) इंजिन तापते; त्यामुळे दाबाला दुय्यम मानणे बरोबर वाटत नाही. बहुतेक दुरुस्त्या हा दाब टिकवण्यापाशीच येतात. झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) चपटी होते, स्प्रिंग सैल पडते, नळी जिथे टाकीत शिरते तिथले बूच ढिले होते.

कोकणात गळती शोधायला जांभा मदत करतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, मोटार चालवली की तांबडी धूळ सगळीकडे बसते, पण तेलकट गळतीपाशी ती चिकटून गडद, ओलसर कडे तयार होते. फडक्याने पुसल्यावर पुढच्या फेरीत कडे जिथे पुन्हा उमटते, दोष तिथेच. खात्रीसाठी टाकी रिकामी करून सुकवावी, एक नळी बंद करावी, दुसरीतून इंजेक्शनच्या सिरिंजने हवा भरावी आणि टाकी बादलीत बुडवावी; पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे पाहतो तसेच. तोंडाने मात्र फुंकू नये. मिथेनॉल विषारी आहे.

वळणावर इंधन एका बाजूला जाऊन नळीचे तोंड उघडे पडते. तिथे पितळी टोकाची लवचिक नळी बसवतात. तिचे टोक मागच्या भिंतीला टेकता कामा नये, नाहीतर तोंड दबून इंधन अडते. फार आखूड ठेवली तर शेवटचे थेंब तळाशी राहतात. फेस येत असेल तर टाकी चासीला घट्ट आवळण्याऐवजी रबरी वायसरवर बसवतात. या प्लास्टिकवर साधे गोंद टिकत नाहीत, म्हणून तडकलेली टाकी चिकटवण्यापेक्षा बदललेली बरी. नवे भोक हाती फिरणाऱ्या ड्रिलनेच पाडावे आणि कीस पूर्ण धुऊन काढावा, कारण एक कण कार्ब्युरेटरची सुई अडवायला पुरतो. तापवलेल्या खिळ्याने किंवा सोल्डरिंगच्या टोकाने भोक पाडण्याची सवय घातक आहे: मिथेनॉलची वाफ ११ अंश से.च्या आसपासही पेट घेऊ शकते आणि तिची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही.

किनाऱ्याची हवा आणखी एक अडचण आणते. मिथेनॉल ओलावा ओढून घेते, त्यामुळे पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी तशीच ठेवली तर पुढच्या वेळी इंजिन धडपणे लागत नाही. खेळ संपला की टाकी रिकामी करावी, डबा घट्ट बंद ठेवावा. खारे वारे पितळी निपलवर (नळी जोडायच्या तोंडावर) हिरवट थर आणतात, तो वेळोवेळी घासावा. पुळणीवर मोटार नेणाऱ्यांनी वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीच्या काळात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, पूर्ण दूर राहावे. तेलमिश्रित इंधनाची सांड वाळूत मुरते, आणि घरटी त्याच वाळूत असतात.