स्पॅनिश क्रियापद चालवण्यामागचा इतिहास

स्पॅनिश शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या काही आठवड्यांतच नियमित क्रियापदांचा तक्ता पडतो आणि शाळेत संस्कृतचे धातू चालवतात तसा तो ‘कांतार’, म्हणजे ‘गाणे’, हे क्रियापद चालवू लागतो: कांतो, कांतास, कांता, कांतामोस, कांताइस, कांतान. हा तक्ता इतका रेखीव असतो की तो कोणीतरी एकदाच बसून आखला असावा असे वाटते. वास्तविक त्यातला प्रत्येक रकाना वेगळ्या वयाचा आहे. काही रूपे थेट लॅटिनमधून आली, काही लॅटिनची जुनी रूपे मोडल्यावर नव्याने बांधली गेली, तर काहींनी आपला मूळ काळ सोडून भलत्याच कामाला स्वतःला जुंपून घेतले. ज्याला आपण नियमितपणा म्हणतो तो आरंभी नव्हता. तो बोलणाऱ्यांनी शतकानुशतके केलेल्या डागडुजीतून आला आहे.

वर्तमानकाळ हा सर्वांत जुना रकाना. लॅटिनमध्ये तो कांतो, कांतास, कांतात, कांतामुस, कांतातिस, कांतान्त असा चालत असे. शेवटचा ‘त’ गळाला आणि ‘कांता’, ‘कांतान’ ही रूपे तयार झाली. ‘कांतातिस’चे मध्ययुगात ‘कांतादेस’ झाले आणि पंधराव्या शतकात त्यातला ‘द’ही नाहीसा होऊन आजचे ‘कांताइस’ उरले. लॅटिन क्रियापदांचे गण चार होते, स्पॅनिशमध्ये तीन राहिले, कारण दीर्घ ‘ए’चा गण आणि ऱ्हस्व ‘ए’चा गण एकमेकांत मिसळले. त्यामुळे आज ‘आर’, ‘एर’ आणि ‘इर’ असे तीनच शेवट दिसतात, आणि त्यांपैकी शेवटचे दोनही एकमेकांच्या फार जवळ आले आहेत. ‘तेमेर’ (भिणे) आणि ‘पार्तिर’ (निघणे) यांच्या प्रत्ययांत वर्तमानकाळात फक्त दोन ठिकाणी फरक पडतो, तेमेमोस–पार्तिमोस आणि तेमेइस–पार्तीस; साध्या भूतकाळात तर तोही उरत नाही. ‘आर’ गण मात्र अजून जिवंत आहे. ‘स्कॅन करणे’ किंवा ‘चॅट करणे’ यांसारखी नवी क्रियापदे स्पॅनिशमध्ये ‘एस्कानेआर’, ‘चातेआर’ अशी याच गणात दाखल झाली.

डागडुजी कशी होते याचा एक बारीक नमुना अपूर्ण भूतकाळात पाहायला मिळतो. लॅटिन ‘कांताबाम’पासून ‘कांताबा’ (मी गात असे) हे रूप आले आणि ‘त’वरचा ‘आ’ सगळीकडे आघातयुक्त होता. अपवाद ‘कांताबामुस’ आणि ‘कांताबातिस’ या दोन अनेकवचनी रूपांचा. लॅटिनच्या नियमाप्रमाणे तिथे आघात एक अक्षर पुढे, ‘बा’वर सरकत असे. स्पॅनिश बोलणाऱ्यांनी तो मागे ओढून बाकीच्या रूपांच्या रांगेत आणला. आज ‘कांताबामोस’ उच्चारताना जोर ‘ता’वर येतो तो कोणत्याही ध्वनिनियमाने नव्हे, तर सहाही रूपे एकसारखी असावीत या ओढीने.

आघाताचे महत्त्व साध्या भूतकाळात आणखी जाणवते. लॅटिन ‘कांतावित’ बोलीत आखूड होत ‘कांताउत’ झाले आणि त्यातल्या ‘आउ’चा ‘ओ’ झाला. परिणामी ‘मी गातो’ आणि ‘तो गायला’ या दोन्हींसाठी अक्षरे तीच, ‘कांतो’. फरक एवढाच की पहिल्यात जोर ‘कां’वर आणि दुसऱ्यात ‘तो’वर. लिहिताना हा फरक शेवटच्या स्वरावरच्या तिरप्या खुणेने दाखवतात. देवनागरीत उच्चार लिहून पाठांतर करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी ही खूण अक्षरावर मुद्दाम लिहून ठेवावी, नाहीतर दोन काळ एकच होऊन बसतात.

सगळ्या तक्त्यात सर्वांत लक्षवेधी गोष्ट भविष्यकाळाची आहे, कारण लॅटिनचा जुना भविष्यकाळ पुरता बुडाला. त्याची कारणे स्पष्ट आहेत. दोन स्वरांमधले ‘ब’ आणि ‘व’ यांचे उच्चार एक झाल्यावर ‘कांताबित’ (तो गाईल) आणि ‘कांतावित’ (तो गायला) कानाला वेगळे ओळखू येईनात. दुसऱ्या काही गणांत भविष्यकाळाची रूपे वर्तमानकाळासारखीच ऐकू येऊ लागली. काळच जिथे ओळखू येत नाही तिथे लोक दुसरी सोय करतात. त्यांनी ‘गाणे’ या मूळ रूपापुढे ‘माझ्याकडे आहे’ या अर्थाचे साहाय्यक क्रियापद ठेवले: ‘कांतारे हाबेओ’, म्हणजे ‘मला गायचे आहे’. हे साहाय्यक क्रियापद झिजून ए, आस, आ, एमोस, एइस, आन असे झाले आणि मागच्या रूपाला चिकटले: कांतारे, कांतारास, कांतारा, कांतारेमोस, कांतारेइस, कांतारान. म्हणूनच भविष्यकाळाचे प्रत्यय तिन्ही गणांत एकच आहेत आणि अनियमित क्रियापदांतही ते कधी बदलत नाहीत. बदलतो तो फक्त आधीचा भाग.

हा सांधा बराच काळ कच्चा होता. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये दोन भागांच्या मध्ये सर्वनाम घालता येत असे. ‘मी ते गाईन’ हे ‘कांतार-लो-ए’ असे लिहिलेले आढळते. स्पॅनिशने ही पद्धत पुढे सोडून दिली, पण शेजारच्या पोर्तुगीजच्या लेखी भाषेत ती अजून टिकून आहे. गोव्यात ज्या पिढीने पोर्तुगीजमधून शिक्षण घेतले, तिच्या वाचनात ‘कांता-लु-एइ’सारखी रूपे आलेली असणार. त्याच साहाय्यक क्रियापदाचे भूतकाळी रूप जोडून ‘कांतारिया’ (मी गाईन असे, मी गायलो असतो) हा संकेतार्थ तयार झाला. लॅटिनच्या तक्त्यात अशा रकान्याला जागाच नव्हती.

‘ए कांतादो’ (मी गायलो आहे) हा संयुक्त काळही त्याच साहाय्यक क्रियापदाचा. त्याचे मूळ ‘माझ्याकडे लिहिलेले पत्र आहे’ अशा रचनेत आहे, आणि म्हणून आरंभी धातुसाधित विशेषण कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत असे. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘मी पत्र लिहिले’, ‘मी चिठ्ठी लिहिली’ यांत आपण आजही तेच करतो. स्पॅनिशने हा मेळ सोडला आणि ‘कांतादो’ सर्वत्र एकच ठेवले. गमनवाचक क्रियापदांना पूर्वी ‘असणे’ या अर्थाचे ‘सेर’ लागत असे. तेही सतराव्या शतकापर्यंत मागे पडले.

सब्जंक्टिव्हच्या, म्हणजे इच्छा, शंका किंवा अट सांगणाऱ्या रूपांच्या, भूतकाळाला ‘कांतारा’ आणि ‘कांतासे’ अशी दोन रूपे का, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो. (या ‘कांतारा’चा आघात मधल्या ‘ता’वर, भविष्यकाळाच्या ‘कांतारा’चा शेवटी.) ‘कांतासे’ लॅटिनच्या सब्जंक्टिव्हमधूनच आले. ‘कांतारा’ मात्र ‘तो गायला होता’ असे साधे विधान करणारा पूर्णभूतकाळ होता. अटीच्या वाक्यांत वापरता वापरता तो सब्जंक्टिव्हच्या घरात राहायला गेला. जुना अर्थ अजून पुसलेला नाही, आणि स्पॅनिश वृत्तपत्रांत ‘जो अध्यक्ष होता तो’ अशा वाक्यांत ते रूप आजही भेटते. ‘कांतारे’ हा सब्जंक्टिव्हचा भविष्यकाळ, ज्यात आघात ‘ता’वर असतो, आता कायद्याच्या मसुद्यांत आणि म्हणींतच उरला आहे.

ही रूपे तक्त्यात मांडण्याचे श्रेय आधी आंतोनियो दे नेब्रिखा यांना जाते. त्यांचे कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेचे व्याकरण 1492 मध्ये सालामांका येथे छापले गेले. त्याचा पाचवा भाग परभाषकांना ही भाषा शिकता यावी यासाठी लिहिलेला होता, आणि भविष्यकाळ दोन शब्दांच्या जोडणीतून बनला आहे हे त्यांच्या लक्षात आले होते. भाषेवर देखरेख ठेवणाऱ्या स्पॅनिश शाही अकादमीचे पहिले व्याकरण 1771 मध्ये आले. तरी काळांच्या परस्परसंबंधांचा खरा तर्क मांडला तो कराकासमध्ये जन्मलेल्या आणि चिलीत स्थायिक झालेल्या आंद्रेस बेयो यांनी, 1841 च्या निबंधात आणि 1847 च्या व्याकरणात. ‘कांतारिया’ला त्यांनी ‘भूतकाळानंतरचा काळ’ असे नाव दिले. ‘तो म्हणाला की मी गाईन’ या वाक्यात मराठी भविष्यकाळ तसाच ठेवते, स्पॅनिशमध्ये मात्र तिथे ‘कांतारिया’ लागते. बेयो यांच्या नावातून हे एका क्षणात उलगडते. मेक्सिकोच्या शाळांत ही नावे अजून चालतात, आणि ती स्पेनमधल्या नावांपेक्षा विद्यार्थ्याला अधिक उपयोगी आहेत असे माझे मत आहे.

अमेरिका खंडात तक्ता आणखी बदलला. तिथे ‘कांताइस’ हे रूप बोलण्यात क्वचितच येते. अनेकवचनी ‘तुम्ही’साठी ‘उस्तेदेस कांतान’ म्हणतात. अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेचा मोठा भाग इथे ‘तू’साठी ‘व्होस’ वापरतात आणि जुन्या ‘कांतादेस’चेच दुसरे वळण असलेले, शेवटी आघात घेणारे ‘कांतास’ बोलतात. अकादमीच्या कोशातील तक्त्यांत आता हे रूपही ‘तू’च्या रूपाशेजारी छापलेले असते. पुष्कळ बोलणारे साध्या भूतकाळातल्या ‘कांतास्ते’ला शेवटी ‘स’ जोडून ‘कांतास्तेस’ म्हणतात, कारण बाकी सर्व काळांत ‘तू’चे रूप ‘स’ने संपते. व्याकरणकार हे रूप चूक ठरवतात; पण ज्या ओढीने ‘कांताबामोस’मधला आघात मागे आला, तीच ओढ इथेही काम करते आहे.