मिश्किन भोळा आहे, युरोदिवी नव्हे

दस्तयेव्हस्कीच्या 'इडियट' कादंबरीतला प्रिन्स मिश्किन म्हणजे युरोदिवी, ख्रिस्तासाठी वेडा झालेला रशियन साधू, हे वाक्य पुन्हा वाचनात आलं की जीव कळवळतो. दोघांवरही अन्याय होतो.

मिश्किन तुम्हाला ठाऊकच आहे: फेफऱ्यावर उपचार घेऊन स्वित्झर्लंडहून परतलेला, मनात येईल ते खरं बोलणारा. घोटाळ्याचं मूळ पहिल्याच प्रकरणात आहे. आगगाडीत रोगोझिन त्याला म्हणतो, तू तर अगदी युरोदिवी, देवाला असेच आवडतात. तो बोलीतला शब्द वापरतोय, आपण 'देवमाणूस' म्हणतो तसा. आपण मात्र तो शब्दशः उचलला.

खरा युरोदिवी वेडा नसतो, वेड पांघरतो. आपल्याकडे वेड पांघरून पेडगावला जातात ते स्वतःचं काम साधायला. हा पांघरतो ते शिव्या आणि मार ओढवून घ्यायला, कारण लोक आपल्याला संत म्हणतील याचीच त्याला धास्ती. याच परंपरेतला, सहाव्या शतकातला एमेसाचा, म्हणजे आजच्या सीरियातल्या होम्सचा, सिमेऑन घ्या. उकिरड्यावरचं मेलेलं कुत्रं कमरेच्या दोरीला बांधून तो ते फरफटवत वेशीतून आत शिरतो; शाळेतली पोरं त्याला बडवतात. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये अक्रोड फेकतो, मेणबत्त्या विझवतो. पण विश्वासातल्या योहान या डीकनजवळ, म्हणजे चर्चच्या सेवकाजवळ, एकटा असला की शहाण्यासारखा बोलतो. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

आता 'इडियट'मधल्या येपान्चिन कुटुंबाच्या घरची चिनी फुलदाणी आठवा. त्या घरच्या मुलीनं, अग्लायानं, आदल्या संध्याकाळीच बजावलेलं, म्हणून मिश्किन मुद्दाम लांब बसतो, आणि तरी हात लागून ती फुटतेच. सिमेऑन जी फजिती शोधत फिरतो, ती टाळायला मिश्किन धडपडतो.

अनवाणी पाय, साखळ्या, फाटके कपडे यांवरून ओळखायला जाऊ नका. दस्तयेव्हस्कीच्याच 'करामाझोव्ह बंधू'मधली लिझावेता अनवाणीच फिरते, गावही तिला युरोदिवी मानतं. तिचं वेड मात्र पांघरलेलं नाही.

मानसन्मान स्वतःहून टाकून दिलेल्या माणसाकडून कोणी काय हिरावणार? म्हणून तर युरोदिवी राजाला तोंडावर बोलू शकतो. पुश्किननं 1825 मध्ये लिहिलेल्या 'बोरिस गदुनोव' या नाटकात पोरं युरोदिवीचा कोपेक, म्हणजे एक छोटं नाणं, पळवतात. तो झार बोरिसला म्हणतो, यांना मारून टाक, छोट्या राजपुत्राला मारलंस तसं. सरदार त्याला धरायला निघतात. झार त्यांना अडवतो आणि उलट त्यालाच विनवतो, माझ्यासाठी प्रार्थना कर. उत्तर येतं: हेरोद राजासाठी (बायबलमधला, बालकांची कत्तल करवणारा) प्रार्थना करता येत नाही, देवमातेची आज्ञा नाही.