ट्रामची वीज आणि ठाण्याचे अंतर

ठाणे शहरात ट्राम कधीच धावली नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी सुमारे ३४ किलोमीटर अंतर कापून ठाण्याला पोहोचली. मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांची ट्राम आली ती त्यानंतर एकवीस वर्षांनी, ९ मे १८७४ रोजी. तिचे जाळे पुढे वाढत गेले, तरी उत्तरेला ते दादरच्या आसपासच थांबले. शहराची हद्द, वस्ती आणि आधीपासून असलेली रेल्वे ही त्यामागची कारणे उघड आहेत. विजेच्या गणिताकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना फारच थोडा विरोध होतो, म्हणून एक-दोन घोडे माणसांनी भरलेला डबा ओढू शकत. तरीही सेवा सुरू होताना कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते, आणि त्यांचा दाणागोटा, विश्रांती, आजारपण हा सगळा खर्च तिकिटातूनच निघायचा. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. अशा ट्राममध्ये एकदिश प्रवाहावर चालणारी मोटर असे, जिच्यातील चुंबकाची वेटोळी आणि फिरता भाग एकसर, म्हणजे एकामागोमाग एक, जोडलेले असतात. थांबलेल्या गाडीत या मोटरमधून प्रवाह जोरात वाहतो आणि फिरवण्याचा जोर सर्वांत जास्त मिळतो. दर थांब्यावर उभे राहून पुन्हा निघणाऱ्या वाहनाला याहून सोयीची मोटर त्या काळी नव्हती.

अडचण तारेत होती. गर्दीच्या रस्त्यावर डोक्यावरून उघडी तार न्यायची, म्हणून ट्रामच्या विजेचा दाब साधारणपणे ५०० ते ६०० व्होल्ट इतकाच ठेवला जाई. ५०० व्होल्टवर १०० किलोवॉट शक्ती पोहोचवायला २०० अँपिअर प्रवाह लागतो, तर २५,००० व्होल्टवर ४ अँपिअर पुरतात. तारेत उष्णतेच्या रूपाने होणारा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्याच तारेत हा फरक २,५०० पटींचा होतो. साहजिकच ट्रामला जागोजागी उपकेंद्रे लागतात, आणि विरळ वस्तीतून लांबवर जाणाऱ्या मार्गावर तो खर्च परवडत नाही. शिवाय परतीचा प्रवाह रुळांतून जातो. त्याचा काही भाग जमिनीत निसटला, तर आसपासचे लोखंडी नळ गंजतात.

रेल्वेने मात्र जास्त दाब वापरला: आजच्या मध्य रेल्वेवर विद्युतीकरणाची सुरुवात ३ फेब्रुवारी १९२५ रोजी १,५०० व्होल्टने झाली, आणि २०१६ पर्यंत मुंबईच्या लोकल २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, विजेवर आल्या. ट्राम त्याआधीच, ३१ मार्च १९६४ रोजी, बोरीबंदर ते दादर अशी शेवटची धावली. ती संथ होती म्हणून गेली, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते; भर रस्त्यात रूळ आणि त्याच रस्त्यावर वाढत्या मोटारी, ही कोंडी तिने निर्माण केलेली नव्हती.

१७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर धावणारी नवी मुंबईची मेट्रोही वरच्या तारेतूनच वीज घेते, फक्त २५,००० व्होल्टची. शिवाय जुन्या ट्रामचा वेग ब्रेक लावताच उष्णता होऊन वाया जाई. आजच्या मेट्रोची मोटर त्या क्षणी जनित्र बनते आणि त्यातली बरीच वीज तारेत परत पाठवते.